नदीकाठचा रस्ता

"महाराज शीव ओलांडून आत आले, बाईसाहेब."

सिदोजीकाका दाराच्या उंबऱ्याबाहेरच थबकले होते. सकाळी शिलंगणाला वाजतगाजत गेलेला आमचा सरनोबत एकटाच परत आला होता, घामाने निथळत, फेटा विस्कटलेला. मी आपट्याच्या पानांचं तबक घेऊन उभी होते. मला हसूच आलं.

"दरवर्षीच येतात, काका. चार पावलं येतात, सोनं लुटतात आणि माघारी फिरतात."

"या खेपेला फिरले नाहीत. मागे फौज आहे. तोफा आहेत, हत्ती आहेत. आमच्या माणसांना त्यांनी सोनं दिलं, गळाभेट घेतली आणि म्हणाले, आता वाट सोडा."

हातातलं तबक मी कुठे ठेवलं ते मला आजही आठवत नाही.

काका ज्यांना महाराज म्हणत होते तो रत्नाळचा राजा रायाजीराव, माझा पाठचा भाऊ. आणि ज्या मुलखात तो शिरला होता ते देवखोरं माझं सासर. यजमान गेले त्याला वर्ष व्हायचं होतं. गादीवर माझा लेक अमृतराव होता, दुधाचे दात पडायच्या वयाचा, आणि त्याच्या नावाने कारभार मी पाहत होते.

रत्नाळ हा खालचा मैदानी मुलूख. काळी जमीन, सरळ रस्ते, धावायला घोड्यांना रान मोकळं. देवखोरं म्हणजे डोंगरांच्या कुशीतली लांबट पट्टी. मधून वाकी नदी वळणं घेत जाते, दोन्ही अंगांना भातखाचरं आणि त्यांच्यावर किल्ले. या दोन घराण्यांचं पूर्वी पटत नसे. माझं लग्न झालं आणि पटायला लागलं. दसऱ्याला हद्दीवरच्या माळावर दोन्हीकडचे लोक जमू लागले. राया दरवर्षी मुद्दाम आमच्या बाजूला पाऊल टाकायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "आक्काला सांगा, तिचा मुलूख जिंकला!" सगळे हसायचे. मलाही निरोप पोचायचा आणि मीही हसायची.

राया झाला तेव्हा आई फार दिवस अंथरुणाला खिळून होती. तो वाढला माझ्या कडेवर. त्याला भूक लागली की तो रडायच्या आधी मला कळायचं. तो बोलायला लागला तेव्हा पहिला शब्द 'आक्का' म्हणाला, त्यावरून आईने मला थट्टेने सवत म्हटलं होतं.

दोन दिवसांनी त्याचा वकील गडावर आला. त्र्यंबकपंत. एकेकाळी हे आमचेच कारभारी होते. रयतेला छळलं म्हणून यजमानांनी त्यांना काढून टाकलं, तेव्हा ते थेट रत्नाळला गेले. ज्या सदरेवर ते गादीला टेकून बसत त्याच सदरेवर आज ते उभे होते, आणि तरीही त्यांचा चेहरा घरी आल्यासारखा होता.

"महाराजांचा निरोप असा," ते म्हणाले, "भाच्याच्या गादीला आतल्या माणसांपासून धोका आहे. सरनोबतांनी सगळा कारभार मुठीत घेतला आहे आणि आक्कासाहेब नजरकैदेत असल्यासारख्या आहेत. महाराज फक्त रक्षण करायला आले आहेत. गडाचे दरवाजे उघडावेत. दिवाळीचं पहिलं अभ्यंगस्नान महाराज बहिणीच्या घरी करतील."

काका माझ्या उजव्या हाताला उभे होते.

"पंत, मी नजरकैदेत आहे असं त्याला कुणी सांगितलं?"

"लोक बोलतात."

"कोणते लोक?"

पंतांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. पण मला समजलं. रत्नाळला देवखोऱ्याविषयी जे काही ठाऊक होतं ते सगळं या एका माणसाच्या तोंडून गेलं होतं. रयत राणीच्या कारभाराला कंटाळली आहे, फौज आत शिरली की डोंगरचे लोक उठतील, खोऱ्यात यंदा धान्य भरपूर आहे, आणि बहीण वाट बघते आहे. रायाने ते मानलं, कारण त्याला ते ऐकायचं होतं.

"त्याला सांगा," मी म्हणाले, "बहीण वाट बघते आहे, हे खरं आहे. एकटा ये. हव्या तेवढ्या दिवाळ्या कर. फौजेसाठी माझ्या घरात चूल नाही."

पंत गेल्यावर काकांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "बाईसाहेब, एक विचारतो, राग मानू नका. आपण बाळराजांना घेऊन वरच्या गडावर जावं. इकडचं आम्ही बघू. भावाविरुद्ध हुकूम देण्याची पाळी तुमच्यावर कशाला?"

त्यात माझ्यावरचा संशय किती होता आणि माया किती होती, हे मी आजही सांगू शकत नाही. दोन्ही असणार.

"हुकूम दुसऱ्या कुणी दिला म्हणून तो माझा नाही असं होईल का, काका?" मी म्हणाले. "खालच्या गावांना वर हलवा. कणग्या रिकाम्या करा. भात कापून झालं असेल तिथलं उचला, नसेल तिथलं उभं राहू द्या, पण त्याच्या हाती झोडलेला दाणा पडता कामा नये. आणि मैदानात लढायचं नाही. आत येऊ द्या त्याला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खाली वाकून त्यांनी मुजरा केला.

राया आत आला. त्याला वाटलं होतं तसंच त्याला वाटेत कुणी अडवलं नाही, आणि त्याने त्याचा अर्थ त्याला हवा तसा काढला. वाटेतली गावं ओस पडलेली होती. तो म्हणाला, सरनोबताने लोकांना बळाने नेलं. खाचरांत अजून चिखल होता. रत्नाळच्या सडकांवरून खडखडत आलेल्या तोफा आमच्या बांधांवर अडल्या, मग खचल्या, मग बैलांसकट रुतून बसल्या. त्या उपसायला हत्ती लावले तर हत्तीच घसरले. घोड्यांना चारा मिळेना. उभं भात कापून घोड्यांपुढे टाकलं, तर फौजेला काय घालायचं हा प्रश्न उरला.

पलीकडून अदमपूरचा नवाब त्याच्या मदतीला येणार होता. तसा त्याने शब्द दिला होता. नवाब आलासुद्धा, आपल्या हद्दीच्या काठापर्यंत. तिथे तंबू ठोकून बसला. कोण पडतं ते बघून कुणाच्या अंगावर जायचं ते तो ठरवणार होता.

मग तळात हिवताप शिरला. आमच्या खोऱ्यात पाऊस ओसरला की तो येतो. आमची माणसं तेव्हा धुरी करून, वर माळ्यावर निजतात. रायाची माणसं नदीकाठी उघड्यावर निजत होती.

मला या बातम्या रोज कळत होत्या. सदरेवर माझी माणसं आनंदाने सांगत आणि मीही मान डोलवत असे. पण उठून आत गेले की मला दुसरंच आठवे. लहानपणी रायाला असाच ताप यायचा. तापात तो बडबडायचा आणि पाणी मागायचा, पण भांडं तोंडाला लावलं तर पिऊन टाकायचा नाही, नुसता ओठ लावून बसायचा.

आणि मग करवंदीचा पाडा जळाला.

करवंदीचा घाट आमच्या मुलखाच्या खालच्या टोकाला आहे. तिथून रत्नाळ जवळ पडतं, पण वाट अरुंद, दोन्ही बाजूंनी कडे. घाट राखायचं काम डोंगरकोळ्यांकडे, त्यांच्या नाईकाकडे. पूर्वजांनी त्यांना तो घाट दिलेला होता आणि बदल्यात कधी काही मागितलेलं नव्हतं. त्र्यंबकपंतांनी रायाला सांगितलं होतं की हे लोक देवखोऱ्यावर नाराज आहेत, ते आपल्याला खांद्यावर घेऊन नाचतील. रायाची एक तुकडी दाणा शोधत तिथे गेली. लोकांनी दाणा दिला नाही. तुकडी भुकेली होती. तिने पाडा लुटला आणि जाळला. बुधाजी नाईकाचा थोरला मुलगा आणि सून त्यात गेली. सून पोटुशी होती.

दिवाळी तोंडावर आली होती. बुधाजी स्वतः गडावर आला. उंच, सडसडीत म्हातारा. त्याने रडारड केली नाही. मी त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही.

"बाईसाहेब, तुमचा भाऊ आता परत जाणार. त्याच्याजवळ खायला उरलं नाही."

"माहीत आहे, नाईक."

"दोन वाटा आहेत. नदीकाठची लांबची, नि आमचा घाट. नदीनं गेला तर तो तुमच्या चौक्यांसमोरून जाईल. तुम्ही त्याला मारा, सोडा, मला घेणं नाही. तो राजा, तुम्ही राणी. पण घाटात आला तर मी कुणाचं ऐकणार नाही. हे सांगायला आलो. मागनं म्हणू नका, बुधाजीनं हुकूम मोडला."

"मी हुकूम देणारच नाही तर तू मोडणार कसा?" मी म्हणाले.

तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत राहिला, मग गेला.

त्याच दिवशी मी सिदोजीकाकांना बोलावलं आणि नदीकाठच्या सगळ्या चौक्या उठवायला सांगितल्या.

"बाईसाहेब!" त्यांचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत तो कधी चढला नव्हता. "मुठीत आलाय तो. नदीच्या वळणांवर आपली माणसं आहेत. एकही घोडा पलीकडे जाणार नाही."

"म्हणूनच उठवा."

"पुढच्या दसऱ्याला तो परत येईल."

"येणार नाही. आणि आला तर पुढच्या दसऱ्याचं पुढच्या दसऱ्याला बघू. काका, त्याच्याबरोबर जी माणसं आहेत ती तापाने फणफणलेली आहेत. त्यांना मारून आपण काय जिंकणार? त्यांच्या घरच्यांना कायमचे वैरी करून घेऊ, एवढंच."

काकांनी मुजऱ्याला हात उचलला. मग म्हणाले, "चौक्या उठवतो. पण महाराजांना हे कोण सांगणार?"

"मी."

भाऊबीजेला मी त्याला बोलावणं धाडलं. बहिणीच्या हातून ओवाळून घ्यायला ये, म्हणून. तो नाही म्हणणार नाही हे मला ठाऊक होतं. नदीच्या वाळवंटात, दोन्ही तळांपासून सारख्या अंतरावर, एक पाल उभारलं. भर दुपार होती. ऊन असूनही वारा गार होता. तो एकाच माणसाला घेऊन आला, गणोजी म्हणून त्याचा जुना सरदार होता त्याला. मी एका दासीला घेऊन गेले होते. गणोजी बाहेर थांबला, दासीला मी बाहेर बसवलं.

मी रायाला ओळखलंच नाही. गालफडं बसली होती, डोळे तांबारलेले, अंगरखा खांद्यावरून सैल लोंबत होता. फक्त हसला तेव्हा तो राया होता.

"आक्का, अभ्यंगस्नान राहिलं," तो म्हणाला.

"पाट मांडलाय, बस."

मी त्याला ओवाळलं. कुंकू लावताना त्याचं कपाळ तापलेलं लागलं. मी तांदूळ लावले, ते चिकटले नाहीत, खाली पडले. त्याने ते वेचून परत कपाळाला दाबले.

"तुला खरंच कुणी कोंडून ठेवलं नव्हतं," तो म्हणाला. विचारत नव्हता, स्वतःलाच सांगत होता.

"नाही."

"पंत म्हणाले होते. मला वाटलं, मी आलो की तू दरवाजा उघडशील. माझी सगळी मसलत त्यावर होती, आक्का. तोफा, हत्ती, नवाब, सगळं नुसतं दाखवायला होतं. गड तर तू उघडणारच होतीस."

"माझ्या लेकाचा गड आहे तो, राया."

"माझा भाचा आहे तो."

"मग भाच्याच्या मुलखात तोफा कशाला आणल्यास?"

त्याने कपाळावरचा एक तांदूळ काढून बोटांत फिरवला. मग एकदम म्हणाला, "लहानपणी सोंगट्या खेळताना तू मला मुद्दाम जिंकू द्यायचीस. तुला वाटायचं मला कळत नाही. मला कळायचं."

"मला माहीत होतं तुला कळतं ते."

"मग आता का नाही दिलंस?"

मी त्याच्यासमोर करंज्यांचं ताट सरकवलं. त्याने एक उचलली, तोडली, आणि अर्धी परत ठेवली. बाहेर गणोजी घोड्याशी काहीतरी बोलत होता, ते आत ऐकू येत होतं.

"राया, ऐक," मी म्हणाले. "तू आता परत जा. मी तुझ्या मागावर माणसं सोडणार नाही. नदीकाठचा रस्ता धर. लांब आहे, पण सपाट आहे, पाणी आहे, आजारी माणसांना झेपेल. माझ्या चौक्या मी उठवल्या आहेत. वाटेत तुला माझा एक माणूस दिसणार नाही."

त्याने मान वर केली.

"आणि करवंदीचा घाट?"

"घाटाने जाऊ नकोस. तिथे बुधाजी नाईक आहे. तुझ्या लोकांनी त्याचा पाडा जाळला. त्याचा मुलगा, सून मेली."

"भुकेल्या फौजेने दोन झोपड्या जाळल्या असतील."

"त्या झोपड्या त्याच्या होत्या. मी त्याला थांबवू शकत नाही."

"तू?" तो हसला. "तुझ्याच मुलखात, तुझाच नाईक, आणि तुझा हुकूम चालत नाही?"

"या गोष्टीत नाही चालत."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मला वाटलं, तो थकला आहे. मला वाटलं, त्याला माझी दया आली आहे.

"ओवाळणी काय घालू?" त्याने विचारलं. "सोनंनाणं तळावर राहिलं."

"नदीने जा. तीच माझी ओवाळणी."

त्याने वाकून माझ्या पायाला हात लावला. उठताना त्याचा तोल गेला, मी त्याला दंडाला धरून सावरलं. "बरं, आक्का," तो म्हणाला. बाहेर जाऊन घोड्यावर बसला आणि वळून एकदा हात हलवला.

मी गडावर परतले ती जवळजवळ आनंदातच. सिदोजीकाकांना म्हणाले, "गेला तो. नदीने जाणार आहे." त्या दिवशी मी लेकाला मांडीवर घेऊन जेवू घातलं आणि मामाच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या.

त्याचा तळ पहाटेच हलला. मी बुरुजावरून बघत होते. धुळीची रेघ नदीच्या दिशेने सरकली. वळणापाशी पोचली, थांबली. मग वळली आणि डोंगराकडे चढू लागली.

मी काकांना हाक मारली. ते धावत आले, त्यांनी पाहिलं, आणि बुरुजाच्या कठड्याला हात टेकून उभे राहिले. त्यांनी लगेच घोडेस्वार सोडले, बुधाजीकडे आणि रायाकडेही. मी सांगायच्या आधीच सोडले. त्यांच्या त्या जुन्या संशयाबद्दल माझ्या मनात राग असेलच, तर एवढ्यासाठी मी ते सगळं माफ केलं आहे. पण घाटापर्यंतचं अंतर घोड्यांना कमी होत नव्हतं.

दुपारी बुधाजीची माणसं रायाला खाली घेऊन आली. बांबूच्या डोलीत, वर घोंगडं घातलेलं. ज्याने हे केलं त्यानेच ते घोंगडं त्याच्या अंगावर पांघरलं होतं. बुधाजी मागे चालत होता. तो माझ्यासमोर उभा राहिला, मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, त्याने ते आधीच सांगितलं होतं.

गणोजी जिवंत होता. त्याच्या मांडीत बाण घुसला होता. वैद्य पट्टी बांधत होते तेव्हा मी त्याच्याजवळ गेले.

"गणोजी, नदीने का नाही आलात?"

त्याने तोंड फिरवलं.

"मी त्याला सांगितलं होतं. चौक्या उठवल्या होत्या. तू बाहेर उभा होतास, तू ऐकलं असशील."

"ऐकलं होतं, आक्कासाहेब." तो म्हातारा रत्नाळचा, मला परकराच्या वयापासून ओळखणारा. "मी महाराजांना म्हणालोसुद्धा, नदीने जाऊ. महाराज वळणापाशी थांबले. बराच वेळ थांबले. मग म्हणाले, गणोजी, मी आक्काला बहीण समजून आत आलो आणि फसलो. ती देवखोऱ्याची राणी आहे. राणीने सांगितलेल्या वाटेने जाईन तर मीच मूर्ख. नदीवर तिच्या तोफा असणार, आणि घाट मोकळा असणार. घाट तिच्या ताब्यात नाही, असं ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली. कुठली राणी असं कबूल करेल?"

वैद्यांच्या हातून सुटलेलं पट्टीचं टोक मी धरलं.

"रागाने नाही म्हणाले," गणोजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कौतुकाने म्हणाले. म्हणाले, आक्का माझ्यापेक्षा हुशार आहे, पण या वेळी मी ओळखलं तिला."

रायाला गणोजीनेच अग्नी दिला, नदीच्या वाळवंटात. रत्नाळला इतकं लांब देह नेणं शक्य नव्हतं. अस्थी घेऊन मी स्वतः निघाले. काका नको म्हणाले, सदरेवरचे सगळे नको म्हणाले. मी पालखीत बसले, मागे रायाची उरलेली फौज, आजारी, जखमी, काठ्या टेकत. मी त्यांना नदीकाठच्या रस्त्याने नेलं.

सगळीकडे शांत होतं. वाकी नदी उथळ वाहत होती, तळाचे गोटे दिसत होते. पाण्यात बगळे उभे होते. चौक्यांच्या जागी नुसत्या राखेच्या चुली उरल्या होत्या. दिवसभर आम्ही चाललो, दुसऱ्या दिवशीही चाललो, आणि सबंध वाटेत एक गुराखी भेटला, त्याने फौज बघून गुरं पळवली. मागून चालणारी माणसं आपसात बोलत होती, हळूहळू त्यांचं बोलणं थांबलं. कुणीतरी म्हणालं, "इथं तर कुणीच नाही रे."

रत्नाळच्या वेशीवर आई उभी होती. तिला धरायला दोन बायका होत्या, पण ती त्यांना धरू देत नव्हती. मी पालखीतून उतरले आणि कलश तिच्या हातात दिला. तिने तो पोटाशी धरला.

"कुठल्या रस्त्याने आलीस?"

"नदीच्या."

"वाटेत कुणी अडवलं नाही?"

"नाही, आई. रस्ता मोकळा होता."

"त्या दिवशीही मोकळा होता?"

"त्या दिवशीही होता. मी त्याला सांगितलं होतं. शपथ घेते."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती माझ्याकडे तशीच बघत होती जसा पालात राया बघत होता, समोर कोण उभं आहे ते ओळखायचा प्रयत्न करत.

"मी दोघांचीही आई," ती म्हणाली. "मला तरी खरं सांगायचं होतंस."

ती कलश घेऊन आत गेली. वेस ओलांडून मी आत जाऊ शकले असते, मला कुणी थांबवलं नसतं. मी तिथूनच परत फिरले. त्यानंतर ती बरीच वर्षं जगली, पण मला भेटली नाही.

रत्नाळला आजही सांगतात की देवखोऱ्याच्या राणीने भावाला ओवाळलं आणि घाटात पाठवलं. माझं नाव तिकडे मुलींना ठेवत नाहीत. ते मी समजू शकते. जड जातं ते इकडचं. इकडेही तेच सांगतात, फक्त अभिमानाने. शाहीर डफावर थाप मारून गातात, राणीची अक्कल कशी, भाऊबीजेच्या ताटात सापळा कसा मांडला. मी सुरुवातीला सिदोजीकाकांना सांगून ते गाणं थांबवायला लावलं. काका गेले, गाणं परत सुरू झालं. लोकांना ते आवडतं. त्या विजयानंतर नवाब आमच्या वाटेला गेला नाही, रत्नाळनेही गेली कित्येक वर्षं शीव ओलांडली नाही. माझ्या कारस्थानाच्या धाकाने, असं म्हणतात. एका न केलेल्या कारस्थानाने माझ्या लेकाचं राज्य सुरक्षित ठेवलं.

अमृतराव आता मोठा झाला आहे. चांगला राजा आहे, विचारपूर्वक वागतो. परवा आम्ही दोघंच बसलो होतो तेव्हा त्याने विचारलं. मनात फार दिवस असणार, कारण विचारताना तो थोडा लाजला.

"आईसाहेब, शाहीर चुकीचं सांगतात ना? तुम्ही मामांना घाटाने जा असं म्हणालाच नव्हतात. गणोजीच्या मुलाने मला सांगितलं. तुम्ही नदीनेच जा म्हणालात."

इतक्या वर्षांनी कुणीतरी खरं बोललं होतं.

"हो," मी म्हणाले. "नदीनेच जा म्हणाले होते."

"म्हणजे आणखी मोठी मसलत!" त्याचे डोळे चमकत होते. "शत्रूला खरंच सांगायचं. तो ते खोटं मानणार, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. आईसाहेब, असं कुणाला सुचलं नसतं."

तो माझ्याकडे बघत होता, अगदी भक्तीने बघत होता.

"तो शत्रू नव्हता रे," मी म्हणाले.

त्याने समजल्यासारखी मान हलवली. मग उठून माझ्या पाया पडला आणि सदरेवर निघून गेला.